जुन्या गल्लीत नवी घरं: मध्यवस्तीतल्या वाढत्या बांधकामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडी, औरंगपुरा, राजाबाजार, बेगमपुरा या जुन्या भागांत आणि नंतर वसलेल्या समर्थनगर, टिळकनगर, सिडको-हडकोत सध्या घर पाडून घर बांधायचं काम जोरात आहे. एका मजल्याच्या जागी चार मजले उभे राहतात, एका कुटुंबाच्या जागी सहा कुटुंबं येतात. नांदेड, लातूर, जालन्यातही हेच दिसतं. घरमालक, भाडेकरू आणि शेजारी जे प्रश्न सारखे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं मत लपवत नाही. शहराने आतल्या आत वाढावं, पण गल्लीच्या ताकदीने आणि गल्लीतल्या माणसांच्या हाताने. पाणी आणि नाली आधी, मजला नंतर.

आमच्या गल्लीत आधीच पाय ठेवायला जागा नाही. अजून माणसं कशाला आणायची?

माणसं येतच आहेत, प्रश्न ती राहणार कुठे एवढाच आहे. चिकलठाण्याची एमआयडीसी झाली, १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि बीड, जालना, परभणीकडची पोरं कामाला इथे आली ती इथलीच झाली. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका हद्दीत पावणेबारा लाख लोक होते. त्यांतल्या कित्येकांना शहरात घर परवडलं नाही, म्हणून त्यांनी शहराबाहेरच्या शेतात गुंठा-अर्धा गुंठा घेतला आणि नळ, नाली, रस्ता काहीही नसताना घर बांधलं. अशा वस्त्या इतक्या वाढल्या की सरकारला २००१ मध्ये ती घरं नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवावी लागली.

शहर बाहेर एक किलोमीटर पसरलं की तेवढीच जलवाहिनी, तेवढेच विजेचे खांब, तेवढाच रस्ता आणि कचरागाडीचा तेवढाच फेरा वाढतो. तो खर्च तुमच्या-आमच्या मालमत्ता करातूनच जातो. उलट जुन्या शहरात शाळा, दवाखाना, भाजी मंडई, घाटी रुग्णालय, बस सगळं पायी किंवा दहा मिनिटांच्या रिक्षावर आहे. ज्या बाईला रोज धुण्याभांड्याला चार घरी जायचं आहे, तिला पैठण रोडच्या पलीकडचा प्लॉट स्वस्त पडतो असं कागदावर दिसतं. पण येण्याजाण्यात तिचे पैसे आणि दिवसाचे दोन तास जातात.

आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर असून बोलली जात नाही. बाजारपेठेतल्या कितीतरी इमारतींचे वरचे मजले आज रिकामे आहेत किंवा मालाची गोदामं झाले आहेत. खाली दुकान, वर अंधार. तिथे पूर्वी कुटुंबं राहायची. ती परत आली तर नवी इमारत न बांधताच वस्ती वाढेल, आणि रात्री नऊनंतर ओस पडणाऱ्या गल्ल्यांत जाग राहील.

दाटी म्हणजे उंच इमारत का?

नाही. दहा मजली इमारत उभी करायला चारही बाजूंनी मोकळी जागा, गाड्यांचा तळ, बंब फिरायला रस्ता सोडावा लागतो. तेवढ्याच जमिनीवर एकमेकांना लागून बांधलेली तीन-चार मजली घरं जवळजवळ तेवढीच माणसं सामावतात, आणि लिफ्टच्या देखभालीचा खर्चही डोक्यावर बसत नाही. आपले जुने वाडे हेच करत होते. भिंतीला भिंत, पुढे ओटा, मध्ये चौक, वर माळवद. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली तेव्हापासून या गावाने दाट वस्ती पाहिली आहे.

कायद्याने किती बांधता येतं?

मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळता राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बोलताना तिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. तुमच्या प्लॉटवर किती बांधकाम होईल हे मुख्यतः एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) आणि समोरच्या रस्त्याची रुंदी यांवर ठरतं. शहराच्या सर्वसाधारण निवासी भागात मूळ निर्देशांक १.१ आहे. जिने, बाल्कनी यांसारख्या गोष्टींसाठी त्यावर ६० टक्क्यांपर्यंत पूरक निर्देशांक शुल्क भरून घेता येतो.

हिशेब करून पाहा. प्लॉट १०० चौरस मीटर, म्हणजे एका गुंठ्याला जरासा कमी. मूळ ११० चौरस मीटर, त्यावर ६० टक्के म्हणजे ६६. एकूण १७६ चौरस मीटर, साधारण १,८९० चौरस फूट. तीन मजल्यांत विभागलं तर मजल्याला ५९ चौरस मीटरच्या आसपास. दोन भाऊ आणि आई-वडील, अशी तीन चुली असलेल्या कुटुंबाला हे पुरतं. विकास योजनेत दाट वस्ती म्हणून दाखवलेल्या जुन्या भागात मूळ निर्देशांक याहून जास्त मिळतो. पण समासाचे, म्हणजे इमारतीभोवती सोडायच्या जागेचे आणि उंचीचे नियम वेगळे असल्यामुळे प्रत्येक प्लॉटचं उत्तर वेगळं येतं. त्यासाठी नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंत्याकडे मालमत्ता पत्रक आणि मोजणीचा नकाशा घेऊन जा. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला मिळालेलं तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही.

मग आमच्या अरुंद गल्लीत टॉवर येईल का?

रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर वर सांगितलेल्या पूरक निर्देशांकापलीकडे शुल्क भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकाम हक्क, विकत घेऊन निर्देशांक चढवता येत नाही. जुन्या शहरातल्या बहुतेक आतल्या गल्ल्या त्याहून अरुंद आहेत. म्हणून तिथे कायदेशीर मार्गाने टॉवर येत नाही. बेकायदा मजले मात्र येतात, आणि खरी भीती त्यांचीच धरायला हवी.

पाण्याचं काय? आत्ताच कित्येक दिवसांआड नळ येतो.

हा सगळ्यात मोठा प्रश्न आहे आणि त्याला टाळून मध्यवस्ती वाढवायची भाषा करणं मला पटत नाही.

शहराचं पाणी जायकवाडीहून येतं. जुन्या दोन जलवाहिन्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या. शहर वाढत गेलं आणि त्या अपुऱ्या पडल्या, म्हणून २५०० मिलिमीटर व्यासाच्या नव्या जलवाहिनीची योजना आली. पण धरणातून पाणी शहराच्या उंबऱ्यापर्यंत येणं वेगळं आणि तुमच्या गल्लीच्या टोकाच्या घरात येणं वेगळं. मधली वाहिनी जुनी, गंजलेली, कुठे नालीतून गेलेली असेल तर शहरात कितीही पाणी आलं तरी टोकाचं घर कोरडंच राहतं.

आकडे मांडू. मलवाहिनी असलेल्या शहरात माणशी दिवसाला १३५ लिटर असं प्रमाण धरलं जातं. पाच माणसांचं घर म्हणजे ६७५ लिटर. गल्लीत ४० घरं असतील तर दिवसाला २७,००० लिटर. त्यांची १२० झाली तर ८१,०००. नळ पाच दिवसांआड येत असेल तर एका कुटुंबाला सुमारे ३,४०० लिटर साठवावे लागतात आणि सहा कुटुंबांच्या इमारतीला २० हजार लिटरच्या वर. २० हजार लिटर पाणी म्हणजे २० टन वजन. ते गच्चीवर काळ्या टाक्यांत चढवायचं नसतं. हौद जमिनीखाली, वर एक दिवसापुरती टाकी, एवढंच असावं. जुन्या घराच्या गच्चीवर दर उन्हाळ्यात एक टाकी वाढवत गेलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. खालच्या भिंतीला तडे का गेले असं ती नंतर विचारतात, तेव्हा फार वाईट वाटतं.

पावसाच्या पाण्याची आशा किती धरायची? इथला सरासरी पाऊस साधारण ७०० मिलिमीटर. ६० चौरस मीटरच्या गच्चीवरून, गळती-बाष्पीभवन वजा जाता, वर्षाला ३३ हजार लिटर मिळतील. सहा कुटुंबांना ते आठ दिवस पुरेल. तरी पुनर्भरण, म्हणजे हे पाणी जमिनीत मुरवणं, निरर्थक ठरत नाही, कारण तेच पाणी गल्लीतल्या विहिरी-बोअरला जीव देतं. पण 'आम्ही पाऊस साठवतो, नळ नको' असं कुणी बिल्डर म्हणाला तर विश्वास ठेवू नका.

याच शहरात डोंगराकडून उताराने जमिनीखालून पाणी आणणारी नहर-ए-अंबरी होती, ठिकठिकाणी हौद होते. सतराव्या शतकात वस्ती वाढवतानाच पाण्याचा विचार झाला होता. आज नकाशा मंजूर करताना गल्लीतल्या जलवाहिनीची क्षमता तपासावी आणि ती अपुरी असेल तर आधी वाहिनी बदलावी, ही मागणी प्रत्येक वॉर्डातून व्हायला हवी. विकास शुल्क त्यासाठीच घेतलं जातं.

आणि नळाला थेट मोटार लावू नका. तुमच्या हौदात दोन टाक्या जास्त येतात, पण टोकाच्या घरातल्या म्हातारीची घागर भरत नाही.

नाली आणि सांडपाणी?

पाण्याचं जे गणित तेच नालीचं, कारण वापरलेल्या पाण्यापैकी बहुतेक परत नालीतच येतं. घर बांधताना स्वच्छतागृहांची संख्या दोनवरून बारा होते, पण जोडणी मात्र जुन्याच सहा इंची पाइपाला केली जाते. पहिल्या मोठ्या पावसात ते चेंबरमधून वर येतं. बांधकामाआधी रस्त्यातल्या मुख्य वाहिनीचा उतार आणि आकार मोजून घ्या. सांडपाण्याने शहरातल्या खाम आणि सुखना या दोन्ही नद्यांचं काय झालं आहे ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

वाडा आजोबांच्या नावावर आहे, वारस पंधरा. पुढे कसं जायचं?

मध्यवस्तीत घरं न वाढण्याचं सगळ्यात मोठं कारण नियम नाहीत, वारस नोंदी आहेत. एक काका पुण्यात, एक आत्या नांदेडला, एकाचा पत्ता नाही. वाडा पडत चालला आहे पण सही कुणाची कुणाला नको.

पहिली पायरी, नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढा आणि त्यावर कुणाचं नाव आहे ते पाहा. मराठवाड्यात निजाम राजवटीतल्या इनाम जमिनींचा आणि वक्फ मालमत्तांचा प्रश्न अनेक ठिकाणी असतो, म्हणून मूळ हक्क कुठून आला हे जुन्या उर्दू-मोडी कागदांपर्यंत तपासावं लागतं. ते वाचणारे जाणकार शहरात आहेत. दुसरी पायरी, सगळ्या वारसांची नोंद. तिसरी, नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा सगळ्यांनी मिळून केलेला करार.

बहिणींबद्दल स्पष्ट बोलायला हवं. वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. महाराष्ट्राने तर अशी तरतूद १९९४ मध्येच केली होती. मुस्लिम कुटुंबांत शरियतप्रमाणे मुलींचा हिस्सा ठरलेला आहे. तरी दिवाळीला किंवा ईदला घरी आलेल्या बहिणीसमोर हक्कसोडपत्र ठेवून 'सही कर' म्हणण्याची रीत अजून चालते. नव्या इमारतीत तिला एक खोली, किंवा हिश्शाची रास्त रक्कम द्या. वाढीव बांधकामातून जे मूल्य तयार होतं त्यात सगळ्यांना देण्याइतकं असतं.

आमच्या वाड्यात तीन पिढ्यांचे भाडेकरू आहेत. त्यांना काढता येईल का?

धाकाने, नळ तोडून, जिना पाडून अजिबात नाही. मराठवाड्यात पूर्वी १९५४ चा हैदराबादचा घरभाडे कायदा लागू होता, आता ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू आहे. जुन्या भाडेकरूला कायद्याचं संरक्षण आहे आणि जागा रिकामी करून घ्यायची तर न्यायालयात कारण सिद्ध करावं लागतं.

व्यवहारात टिकणारा मार्ग म्हणजे भाडेकरूला नव्या इमारतीत जागा देणं. मालक म्हणतात परवडत नाही. पण यूडीसीपीआरमध्ये भाडेकरू असलेल्या जुन्या, मोडकळीला आलेल्या इमारतींसाठी वाढीव निर्देशांकाची तरतूद आहे, ती नेमकी यासाठीच. गुलमंडीतला शिंपी, सराफ्यातला कारागीर, देवळाबाहेरची फुलवाली हे लोक त्या गल्लीचा व्यवहार चालवतात. त्यांना शहराबाहेर ढकलून वर चकचकीत फ्लॅट बांधले, तर माणसांची संख्या वाढेल आणि मोहल्ला मरेल.

इमारत धोकादायक असल्याची महापालिकेची नोटीस आली तरी भाडेकरूचा हक्क आपोआप संपतो असं समजू नका. नोटीस मिळाली की किती चौरस फूट जागा ताब्यात आहे याची मोजणी करून लेखी नोंद ठेवा, भाडेपावत्या, वीजबिल, रेशनकार्ड जपून ठेवा. आणि इमारत खरोखर धोक्याची असेल तर पावसाळ्याआधी बाहेर पडा. हक्काचं भांडण जिवंत राहूनच लढायचं असतं.

बिल्डर म्हणतो, जागा तुमची, बांधकाम माझं, फ्लॅट निम्मे-निम्मे. करावं का?

करता येतं, पण लहान प्लॉटवर एक धोका आहे जो फार थोड्यांना माहीत असतो. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर त्या प्रकल्पाला रेरात, म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीच्या स्थावर मालमत्ता प्राधिकरणात, नोंदणी करावी लागत नाही. जुन्या शहरातले बहुतेक प्लॉट याच मापात बसतात. म्हणजे मोठ्या प्रकल्पातल्या ग्राहकाला नोंदणीमुळे जी माहिती आणि जो धाक मिळतो, तो इथे मिळत नाही. सगळी भिस्त करारावर.

म्हणून विकसन करारनामा नोंदणीकृतच हवा. त्यात तुमचा मजला कोणता, चटई क्षेत्र किती, काम किती महिन्यांत, तोवरचं भाडं कोण देणार, उशीर झाला तर काय, हे सगळं लिहिलेलं असावं. मुखत्यारपत्र देताना विक्रीचा सरसकट अधिकार देऊ नका, बिल्डरच्या वाट्याच्या फ्लॅटपुरताच द्या. तुमच्या ताब्याआधी त्याच्या वाट्याचे फ्लॅट विकले जाऊ नयेत अशी अट घाला. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरता येईल असा महापालिकेचा दाखला, आणून देण्याची जबाबदारी त्याच्यावर टाका.

तुम्हाला जमत असेल तर बिल्डरशिवाय बांधा. भावांनी मिळून थोडं थोडं कर्ज काढून, एक चांगला अभियंता आणि एक विश्वासू मिस्त्री धरून तीन मजले उभे करणं अवघड नाही. जागेची मालकी स्पष्ट असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असाल तर प्रधानमंत्री आवास योजनेच्या स्वतः घर बांधण्याच्या घटकात केंद्र आणि राज्य मिळून अडीच लाख रुपयांचं साहाय्य मिळतं. माझ्या मते मध्यवस्ती वाढवायचा हाच सगळ्यात चांगला मार्ग आहे, कारण त्यात वाढलेलं मूल्य त्या घरातच राहतं.

शेजारी घर पाडतोय, भिंत सामाईक आहे. आमचं घर पडेल का?

जुन्या शहरातली घरं एकमेकांच्या आधाराने उभी असतात. दगड-विटांची जाड भिंत, चुना किंवा पांढऱ्या मातीचा गिलावा, वर लाकडी तुळया आणि मातीचं माळवद. शेजारचं घर काढलं की दोनशे वर्षं पाऊस न पाहिलेली भिंत अचानक उघडी पडते आणि तिच्यावरचा बाजूचा दाब नाहीसा होतो. पडझड बहुतेक वेळा त्या पहिल्या पावसातच होते.

पाडकाम सुरू होण्याआधी स्वतःच्या घराचे, आहे त्या तड्यांचे, तारीख दिसेल असे फोटो काढा आणि दोन्ही पक्षांच्या सहीने नोंद करा. सामाईक भिंत कुणाची, किती जाडीची, तुळया कुणाच्या कुठवर गेल्या आहेत, हे कागदावर काढा. शेजाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: पाडकाम हाताने वरून खाली होईल, जेसीबीने नाही. भिंतीला लाकडी किंवा लोखंडी टेकू दिले जातील. उघड्या भिंतीला लगेच गिलावा होईल.

सगळ्यात धोक्याची वेळ पाया खणण्याची. जुन्या घराचा पाया उथळ असतो, कधी तीन-चार फुटांवरच मुरुमात टेकलेला. शेजारी त्याच्याही खाली सरळ चर खणायला लागला तर तुमच्या भिंतीखालची माती निसटते. खोदाई तुकड्यातुकड्याने करावी, एक तुकडा खणून भरून झाल्यावर पुढचा. जून ते सप्टेंबर हे काम करूच नये. नांदेड-परभणीकडे गोदाकाठच्या काळ्या मातीत तर अधिकच जपावं लागतं, कारण ती माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते.

शेजारी ऐकत नसेल तर महापालिकेच्या नगररचना विभागाला आणि वॉर्ड कार्यालयाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फोनवरची तक्रार नोंदीत राहत नाही.

सिडकोचं बैठं घर आहे. वर दोन मजले चढवू का?

आधी पाया तपासा. सिडको-हडकोतली बरीच छोटी घरं भिंतींच्या आधारावर उभी आहेत, त्यांत खांब नाहीत. ती एका मजल्यासाठी बांधलेली. त्यावर आरसीसीचे दोन मजले चढवले की भिंतीवरचा भार तिप्पट होतो. अनेकांनी असं केलं आणि अजून उभं आहे, हे खरं. पण उभं असणं आणि सुरक्षित असणं एक नाही.

मराठवाड्याने ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत हे पाहिलं आहे. भूकंप ६.२ तीव्रतेचा. मातीत बसवलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद यांनी झोपेतच माणसं गाडली, सुमारे दहा हजार जीव गेले. लातूर-धाराशिवच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्या मराठवाड्यानेही विसरू नये. मजला चढवायचा असेल तर संरचना अभियंत्याकडून तपासणी, गरज पडली तर नवीन खांब-पाया, आणि मंजूर नकाशा. तीस वर्षांवरच्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची तरतूद महानगरपालिका अधिनियमात आहेच. मालकाने ते ओझं समजू नये.

आमची सोसायटी १९८० च्या दशकातली आहे. पुनर्विकासाला सगळ्यांची संमती लागते का?

नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेसाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के जणांची लेखी संमती लागते आणि विकासक निवडण्याची सभा निबंधकाच्या प्रतिनिधीसमोर होते. पण त्याआधी जमीन संस्थेच्या नावावर आहे का ते पाहा. अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर करून देणं, झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (मालकाच्या सहीशिवाय ते करून घेण्याचा) अर्ज करा. नाही तर सगळं ठरल्यावर मूळ जमीनमालकाचे वारस दारात उभे राहतात.

शेजारच्या इमारतीने आमचं ऊन-वारा अडवलं तर?

खिडकीतून वीस वर्षं विनाअडथळा उजेड-वारा घेत असाल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली त्याचा हक्क निर्माण होऊ शकतो. दावा दिवाणी न्यायालयात करावा लागतो आणि वेळ लागतो. त्यापेक्षा बांधणाऱ्यानेच विचार केलेला बरा. इथे मे महिन्यात पारा ४२ च्या वर जातो. जुन्या वाड्यातला चौक गरम हवा वर सोडायचा आणि अरुंद गल्ली दुपारी सावली द्यायची. नव्या चार मजली घरातही मध्ये आठ बाय आठ फुटांचा उघडा चौक ठेवता येतो. दोन खोल्यांना त्यातून उजेड मिळतो, पंख्याचं बिल कमी येतं. सगळा प्लॉट भरून काढायचा हट्ट धरला की आतल्या खोलीत दिवसाही दिवा लावावा लागतो आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा बहुतेक दिवस तिथेच जातो.

गाड्या कुठे लावायच्या? बंब कसा येणार?

बंब येण्याचा प्रश्न गाड्या लावण्याहून मोठा आहे. गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या दोन चारचाक्यांमुळे अग्निशमनाची गाडी अडली तर आतल्या पन्नास घरांना मदत पोहोचत नाही. अशा गल्ल्यांत लहान बंब आणि ठरावीक अंतरावर पाण्याचे जोड असणं गरजेचं आहे. इमारतीचा जिना मोकळा ठेवा, खाली विजेच्या मीटरजवळ दुचाक्या उभ्या करू नका. चारचाकीसाठी माझं मत ठाम आहे. जुन्या शहरात प्रत्येक घराला गाडीची जागा देत बसलो तर तळमजले गाड्यांनीच भरतील. शहागंज, औरंगपुऱ्याजवळ सामाईक वाहनतळ आणि त्याला जोडून चांगली शहर बस, असं केलं तर तळमजल्यावर दुकान, ओटा किंवा आजी-आजोबांची खोली राहू शकते.

बेगमपुऱ्यात परवानगी का मिळत नाही?

बीबी का मकबरा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक आहे. प्राचीन स्मारक कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगी घेऊनच बांधकाम. बंदीच्या पट्ट्यात दुरुस्ती करता येते, तीही परवानगीने. यात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची कोंडी होते हे खरं आहे, आणि त्यांच्या अर्जांना वेळेत उत्तर मिळावं यासाठी आवाज उठवायला हवा. पण मकबऱ्याला, भडकल दरवाजाला, पाणचक्कीला चिकटून मजले उठले तर या शहराची ओळख जाईल. तिथली दाटी दुसरीकडे वाढू दे.

नांदेडला गोदावरीकाठी बांधायचं आहे.

पूररेषेचा नकाशा आधी पाहा. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, नवीन घर नाही. निळी रेषा आणि त्याहून मोठ्या पुराची लाल रेषा यांच्यामध्ये अटींसह.

लातुरात बंगल्यांची वसतिगृहं झाली. हीसुद्धा चांगली दाटी का?

लातूर पॅटर्नमुळे गावोगावची मुलं तिथे शिकायला येतात, त्यांना राहायला जागा हवीच, आणि कॉलेज-क्लासजवळच्या वस्तीत ती मिळणं चांगलं. पण एका बंगल्यात प्लायवूडच्या भिंती घालून चाळीस मुलं, एक जिना, खिडकीला गज, असं असेल तर ती दाटी नाही, कोंबाकोंबी आहे. पालकांनी खोली पाहताना दुसरा जिना आहे का आणि गच्चीचं दार रात्री उघडतं का, हे विचारावं. ज्या लातूरने २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलं, तिथे वसतिगृहाला परवाना देताना पाण्याची सोय तपासली जावी ही अपेक्षा जास्त नाही.

इतकी घरं झाली तर किमती उतरतील का?

लगेच नाही. जुन्या भागात जमीनच महाग आहे. पण ४५० चौरस फुटांची छोटी घरं जास्त झाली तर भाडं वाढण्याचा वेग कमी होतो, आणि नवीन लग्न झालेल्या जोडप्याला आईच्या घराजवळ राहता येतं. आज बाजारात मोठे फ्लॅट बांधण्याकडे ओढा आहे, कारण नफा त्यात आहे. महापालिकेने शुल्कात सवलत द्यायचीच असेल तर ती छोट्या घरांना द्यावी.

अंगणातला जुना कडुलिंब तोडावा लागेल का?

१९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाही. २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा आहे. आधी झाड नकाशावर दाखवा आणि चौक त्याच्याभोवती धरता येतो का ते पाहा. बऱ्याचदा येतो.

समोरच्या इमारतीला खरंच परवानगी आहे का, हे कसं कळेल?

बांधकामाच्या जागी परवानगीचा क्रमांक आणि मंजूर मजल्यांची संख्या असलेला फलक असायला हवा. नसेल तर नगररचना विभागात माहिती अधिकारात अर्ज करा. मंजूर नकाशा, जोते तपासणी प्रमाणपत्र (जोत्यापर्यंतचं काम नकाशाप्रमाणे झाल्याचा दाखला) आणि भोगवटा प्रमाणपत्र या तिन्हींच्या प्रती मागा. गट किंवा सिटी सर्व्हे क्रमांक अर्जात अचूक लिहा, नाही तर 'माहिती उपलब्ध नाही' असं उत्तर येतं. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज एकट्याने करण्यापेक्षा गल्लीतल्या चार-पाच घरांनी स्वतंत्रपणे करावा. त्यामुळे कुणा एकावर दबाव येत नाही, आणि फाईल पुढे सरकते.